सातबारावर न चढलेला बोजा

गेल्या आगमनकाळातील गोष्ट. रविवारचा मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात येऊन बसलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक सुखवस्तू गृहस्थ पेढ्यांचा पुडा आणि एक लिफाफा घेऊन आले. "फादर, वाडीचं काम झालं एकदाचं. गरिबांसाठी थोडं आणलंय, तुमच्याच हातून द्या," असे म्हणून त्यांनी लिफाफा मेजावर ठेवला. आम्ही त्यांना आशीर्वाद दिला. ते गेल्यावर लिफाफा उघडला. आत पाच हजार रुपये होते. वाडीचा व्यवहार कोटींच्या घरात झाला होता आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

त्या पाच हजारांचा आम्ही अवमान करीत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला प्रभू येशूने सर्वांहून वरचे स्थान दिले, हे आम्ही दरवर्षी व्यासपीठावरून सांगतो. परंतु प्रभूने तेथे रक्कम मोजली नाही. दान दिल्यानंतर घरात काय उरले, ते मोजले. हाच मापदंड आम्ही त्या लिफाफ्याला लावला आणि अस्वस्थ झालो. त्याहून अधिक अस्वस्थ झालो ते आमच्या स्वतःच्या मौनामुळे. लिफाफा घेताना आमच्या ओठांवर आलेले शब्द आम्ही गिळले होते. ते आज येथे लिहीत आहोत. कोणास बोचले तर आमचा इलाज नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या समाजाची संपत्ती आज पगारात वा नगद रकमेत राहिलेली नाही. ती जमिनीत, सोन्यात आणि भागभांडवलात आहे आणि तेथे ती आपोआप फुगत आहे. आपले दान मात्र अजूनही खिशातल्या सुट्या पैशांतून निघते. ज्या ठिकाणी वाढ होत आहे, त्या ठिकाणाला आपल्या दातृत्वाचा हात लागतच नाही. ही वाढ ज्याच्या पदरी पडली, त्याने तिच्यातूनच दिले पाहिजे. शक्य असेल तेथे ती वस्तूच दिली पाहिजे.

ही वाढ कोणाची, हा प्रश्न आधी विचारू या. वसईतील आमच्या अनेक कुटुंबांच्या वाडीचा इतिहास पाहा. आमचे आजे-पणजे बहुसंख्येने कुळे होते. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ साली आला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. जमिनीची किंमत ठरली ती सर्वसाधारणपणे आकारणीच्या वीस पटींपासून दोनशे पटींच्या आत; तीही हप्त्याहप्त्याने फेडण्याची मुभा होती. म्हणजे आज जिच्या गुंठ्याचा भाव ऐकून छाती दडपते, ती जमीन आपल्या घरी आली ती या देशाने न्यायबुद्धीने केलेल्या एका कायद्यामुळे. त्या दिवशी आपण गरीब होतो आणि समाजाने आपला विचार केला.

त्यानंतर भाव कोणी वाढवला? आपल्या आजोबांनी रहाटाने पाणी काढले, बावखले राखली, केळी आणि पानवेल जगवली. त्या घामाचे मोल त्यांना केळीच्या घडांतून मिळाले. आजचा भाव त्या घामाचा नाही. तो आगगाडीचा आहे, जी १८६७ पासून विरारहून मुंबईला धावते आहे. तो महामार्गाचा, नळाच्या पाण्याचा आणि विजेचा आहे. तो मुंबईत घर न परवडल्यामुळे लोकलच्या दारात लोंबकळत येथे आलेल्या लाखो कष्टकऱ्यांचा आहे. त्यांना निवारा हवा होता, म्हणून आपला गुंठा महागला. त्यांच्या गरजेने आपल्याला श्रीमंत केले आणि त्यांच्याकडे आपण 'बाहेरची माणसे' म्हणून पाहतो! १९८९ साली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आपण रस्त्यावर उतरलो. त्या लढ्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु जमीन ही निव्वळ विक्रीची वस्तू नव्हे, असे तेव्हा सरकारला बजावणाऱ्यांनी आज स्वतःच्या घरात तेच बजावायला नको काय?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. गरिबाला देणारा धनवान स्वतःचे काही देत नसतो, तो गरिबाचे होते तेच परत करीत असतो, असा त्यांचा आशय आहे. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात याच विचाराचा आधार घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली त्याला अधिक नेमके रूप दिले: खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे त्यांनी सांगितले. शेतकऱ्याच्या पोरांना हे समजावून सांगण्यासाठी ईशज्ञानाच्या पदवीची गरज नाही. सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचे कर्ज काढले की तेथे बोजा चढतो आणि तो उतरल्यावाचून जमिनीचा व्यवहार निर्वेध होत नाही. ख्रिस्ती माणसाच्या प्रत्येक सातबारावर याच रकान्यात गरिबाचा बोजा आहे. तो तलाठ्याने लिहिलेला नाही, एवढेच.

आता कायद्याची अडचण सांगणाऱ्यांकडे वळू. एके काळी ती अडचण खरी होती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ११८ प्रमाणे पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग हयात असेल, तर ख्रिस्ती व्यक्तीला धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने मालमत्ता ठेवणे जवळजवळ अशक्य होते. मृत्युपत्र मरणापूर्वी निदान बारा महिने केलेले असावे आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते कायद्याने नेमून दिलेल्या जागी जमा केलेले असावे, अशा अटी होत्या. हिंदू वा मुसलमान बांधवांना हे कलम लागू नव्हते. केरळमधील फादर जॉन वल्लामत्तम यांनी या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २००३ साली न्यायालयाने हे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. आपल्या दातृत्वाला घातलेले कुलूप एका धर्मगुरूने न्यायालयात जाऊन उघडले. त्याला वीसहून अधिक वर्षे लोटली. दार उघडे आहे. आत-बाहेर करणारा कोणी दिसत नाही.

वस्तूच का द्यावी, विकून पैसे का देऊ नयेत, असेही विचारले जाते. याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, महापालिकेच्या हद्दीतील एका वाडीची १ एप्रिल २००१ रोजीची रास्त किंमत पाच लाख रुपये होती आणि आज ती एक कोटीला जाते. तिच्या विक्रीत पंचाण्णव लाखांचा भांडवली नफा झाला. २३ जुलै २०२४ पासून अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर ठरला. म्हणजे अधिभार सोडूनही सुमारे बारा लाख रुपये करात गेले. (जुन्या जमिनीच्या धन्याला चलनवाढीचा निर्देशांक धरून वीस टक्के कर भरण्याचा पर्याय ठेवलेला आहे, येथे तो अधिकच महाग पडतो.) याउलट, धनी ती जमीन बक्षीसपत्राने थेट धर्मादाय न्यासाला देईल, तर १९६१ च्या आयकर कायद्याने व्यक्तीने केलेले असे दान 'हस्तांतरण' मानलेलेच नाही, म्हणून त्यावर भांडवली नफ्याचा कर आकारलेला नाही. जमिनीचे पूर्ण मोल गरिबाच्या कामी येते. भागभांडवलाचे व सोन्याचेही तत्त्व हेच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम ८० जी ने दात्याला जी वजावट दिली, ती फक्त पैशाच्या दानाला. वस्तुरूप दानाला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या काही मंडळींना दोन्ही लाभ मिळतात. तेथे एक वर्षाहून अधिक काळ बाळगलेले शेअर धर्मादाय संस्थेला दिले, तर नफ्यावर कर नाही आणि मर्यादेच्या आत पूर्ण बाजारभावाची वजावटही मिळते. येथे जमीन देणाऱ्याला तशी वजावट नाही. त्याचे आम्हाला फारसे दुःख नाही. वजावटीसाठी जे दिले जाते ते दान नव्हे, तो हिशेब होय.

ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांनी स्वतःला यातून मोकळे समजू नये. १९९० साली दहा ग्रॅम सोने साधारण तीन-साडेतीन हजार रुपयांना मिळत होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याच सोन्याने लाखाचा पल्ला गाठला. १९९० च्या जुलै महिन्यात मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक प्रथमच हजारावर गेला. २०२४ च्या जुलैत तो ऐंशी हजारांवर पोचला. त्या काळी नोकरीत असताना घेतलेले आणि ट्रंकेत विसरलेले शेअर आज कित्येक निवृत्त माणसांच्या खाती आहेत. त्यांतले काही न्यासाच्या डीमॅट खात्यावर वळते करण्यास एका चिठ्ठीपलीकडे फारसे काही लागत नाही. न्यासाने मात्र ते वर्षानुवर्षे धरून बसू नये. कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीत ते मोकळे करून रक्कम मान्य गुंतवणुकीत वा कार्यात घालावी.

यावर तीन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. पहिला असा, की जमीन वाडवडिलांची आहे, ती परक्याला कशी द्यावी? ज्या घरातून हा आक्षेप येतो, त्या घराने आधीच अर्धी वाडी इमारतीसाठी दिलेली असते! बिल्डर परका नाही आणि अनाथ मूल परके, हे नाते कोणत्या शुभवर्तमानात लिहिले आहे? बर्णबा हा कुप्र बेटाचा लेवी. त्याने आपले शेत विकले आणि पैसे आणून प्रेषितांच्या चरणी ठेवले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. त्याच्याच पाठोपाठ हनन्या आणि सप्पीरा यांची कथा येते. पेत्राने त्यांना शेत विकण्याची वा सारे देण्याची सक्ती केली नव्हती. ते शेत त्यांचेच होते, असे तो स्पष्ट सांगतो. त्यांचा अपराध होता तो थोडे देऊन सारे दिल्याचा आव आणण्याचा. सक्ती आम्हीही करीत नाही. केवळ आव तेवढा सोडावा, एवढेच मागतो.

दुसरा आक्षेप असा, की चर्चकडे काय कमी आहे? चर्चची इमारत आणि चर्चचे सेवाकार्य यांत आपण गल्लत करतो. वेदीला सोनेरी मुलामा द्यायचा म्हटले की दाते रांग लावतात, कारण खाली संगमरवरावर नाव कोरले जाते. परंतु पूर्व पट्ट्यातील आदिवासी मुलांच्या वसतिगृहाला तांदूळ हवा असतो, तेव्हा संचालक भगिनींना दारोदार फिरावे लागते. आमच्या धर्मग्रामात दुर्धर रोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांसाठी दहा खाटांचे सुश्रूषागृह व्हावे, असा विचार निघाला. परिचारिका भगिनी यायला तयार, इमारतीसाठी वर्गणी होण्यासारखी. जागा हवी ती पाच गुंठे. वर्ष झाले, ती मिळालेली नाही. दरम्यान ज्या तीन रुग्णांसाठी हा विचार सुरू झाला होता, ते तिघेही चाळीतल्या कोंदट खोल्यांत तळमळत गेले. त्यांचा अंत्यविधी आम्हीच केला.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत अधिक झोंबतो, कारण त्यात तथ्य आहे. लोक म्हणतात, "फादर, आज आम्ही जमीन देऊ, उद्या तुम्हीच ती बिल्डरला विकाल." असे कोठेच घडत नाही, असे म्हणण्याची आमची छाती नाही. म्हणूनच दात्याने डोळे मिटून देऊ नये, डोळस होऊन द्यावे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेत, विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरले पाहिजे, असा दंडक आहे. श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवण्याची जबाबदारीही त्याच संहितेने कारभाऱ्यांवर टाकली आहे. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. दात्याने आपला हेतू बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहावा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, दस्त नोंदवावा, न्यासाने दान स्वीकारल्याचे लेखी घ्यावे. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्या न्यासाच्या नावे ती करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीला आणखी निर्बंध असू शकतात. मुद्रांक शुल्काचाही प्रश्न असतो. तेव्हा जाणत्या वकिलाला आधी विचारावे आणि आमच्याकडे दरवर्षी हिशेब मागावा. आम्ही रागावलो, तर दोष आमचा समजावा.

येथवर आम्ही दुसऱ्यांना उपदेश केला. आता आमच्या घरात येऊ.

आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू. संन्यासी संघांतील धर्मगुरूंप्रमाणे आम्ही दारिद्र्याचे व्रत घेत नाही. वारसाहक्काने आलेली मालमत्ता आम्ही बाळगू शकतो आणि आम्ही ती बाळगली आहे. आमचे वडील वारले तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. आई त्यापूर्वीच गेली होती. वाडी होती वीस गुंठे. आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. ख्रिस्ती वारसाच्या कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे प्रत्येकाचे पाच गुंठे. परंतु बहिणींची लग्ने झाली होती, त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आणि दोघा भावांच्या नावे दहा-दहा गुंठे चढले. बहिणींना कोणी दटावले नाही. त्यांना कोणी विचारलेही नाही. त्याच सुमारास आम्ही नीतिशास्त्राच्या वर्गात न्याय या सद्‌गुणावर निबंध लिहीत होतो.

त्या लिफाफ्याच्या रात्री आम्हाला हे आठवले. वाडी देऊन टाकावी, असा विचार मनात आला आणि पाठोपाठ मार्कच्या शुभवर्तमानातील 'कुर्बान' हा शब्द समोर उभा राहिला. आईबापांना जे द्यावयाचे, ते देवाला अर्पण केले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने फटकारले आहे. बहिणीचा हक्क दाबून केलेले दान हे तसलेच कुर्बान होय. आमच्या समाजात असली हक्कसोडपत्रे घराघरांत आहेत. म्हणून ज्यांना दान करावयाचे आहे, त्यांना आमचे पहिले सांगणे असे, की आधी बहिणीचे तिला द्या. जे तुमचे नाही ते देवाला देऊ नका. त्याला चोरीचे अर्पण नको आहे.

आम्ही आमच्या दहांपैकी पाच गुंठे दोघी बहिणींच्या नावे करून देण्याचे ठरवले आहे. उरलेले पाच गुंठे धर्मप्रांताच्या सेवाकार्याच्या न्यासाला देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज केला आहे. ती जागा सुश्रूषागृहाला उपयोगी नाही. रुग्णवाहिका आत जाईल असा रस्ताच तेथे नाही. वाडी वाडीच राहावी आणि तिचे उत्पन्न वसतिगृहाच्या मुलांना मिळावे, अशी अट आम्ही मसुद्यात घातली आहे. थोरले बंधू आमच्यावर रुष्ट आहेत. त्यांच्या दहा गुंठ्यांतही पाच गुंठे बहिणींचे आहेत, हे त्यांना उमगले आहे. म्हणून यंदा फेस्ताच्या जेवणाला ते आले नाहीत. धाकटी बहीण म्हणाली, "इतकी वर्षं गेली, आता कशाला?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या मुलीच्या शिक्षणाच्या वेळी त्या पाच-अडीच गुंठ्यांचे मोल काय झाले असते, ते तिलाच ठाऊक.

हे आम्ही मिरवण्यासाठी लिहिलेले नाही. तीस वर्षे उशीर केलेल्या माणसाजवळ मिरवण्यासारखे काही नसते. लूकच्या शुभवर्तमानातील त्या धनवानाच्या शेतात पीक उदंड आले, तेव्हा कोठारे मोडून मोठी बांधण्यापलीकडे त्याला दुसरे काही सुचले नाही आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. आपली कोठारे आता पत्र्याची नाहीत. ती सातबारावर, तिजोरीत आणि डीमॅट खात्यात आहेत. पीक उदंड आले आहे, याविषयी दुमत नाही.

वाचकहो, येत्या रविवारी मिस्साहून घरी गेल्यावर कपाटातील सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट पाहा. तो कोरा असेल, तर बहिणीचे नाव आधी आठवा आणि त्यानंतर आपल्या गल्लीच्या टोकाच्या चाळीतील त्या आजारी माणसाचे. सुश्रूषागृहाला पाच गुंठे अजून हवे आहेत. आमच्या कार्यालयाचे दार सकाळी मिस्सा झाल्यापासून दुपारपर्यंत उघडे असते. पेढे आणू नका.